मशीन चालू, तरी माणूस बेशुद्ध

आमच्या मामूंना पेसमेकर बसवला तेव्हा घरातल्या सगळ्यांना वाटलं, भोवळीचा प्रश्न मिटला. दोन वर्षांनी, मे महिन्यातल्या एका पहाटे मामू लघवीसाठी उठले आणि दारातच कोसळले. ‘मशीन बंद पडलं,’ मीच म्हणालो. खापर फुटलं नातवाच्या मोबाइलवर.

मी कवी माणूस. हृदयावर पुष्कळ लिहिलं. ते चालतं कसं, हे मात्र डॉक्टरांनी त्या दिवशी शिकवलं. ठोके फार मंदावले की विजेचा बारीक इशारा देणं, एवढंच पेसमेकरचं काम. रक्तदाब सांभाळणं त्याच्याकडे नाही. पंप चालू असला तरी टाकीत पाणी कमी असेल तर वरच्या मजल्यावर ते चढत नाही; वसई-विरारकरांना हे वेगळं सांगायला नको!

1958 साली स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन यांच्या शरीरात पहिला पेसमेकर बसवला, तो काही तासच चालला. आजची यंत्रं वर्षानुवर्षं चालतात. तरीही तपास यंत्रापासूनच सुरू होतो. बॅटरी उतरली का, तार सरकली किंवा तुटली का, ते पाहतात. ठोके अतिवेगानं पडल्याची नोंदही यंत्रात सापडू शकते. अशा वेगानंही शुद्ध हरपते आणि साधा पेसमेकर तो रोखत नाही. मग हृदयाची झडप अरुंद आहे का, फिट आली होती का, याचा विचार होतो.

मामूंचं यंत्र निर्दोष निघालं. मग आडवं झोपवून आणि नंतर उभं करून रक्तदाब मोजला. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा 20 नं उतरला तरी तो दोष समजतात. मामूंचा 35 नं उतरला. डॉक्टर म्हणाले, ‘घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणा.’ पिशवीतून प्रोस्टेटची गोळी निघाली. दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली. मामूंनी लाजेपोटी कुणालाच सांगितली नव्हती. तिच्यामुळे रक्तवाहिन्याही सैलावतात. रक्तदाबाची गोळी होतीच, त्यात उन्हाळ्यामुळे शरीरातलं पाणी कमी झालेलं. औषधं बदलली, भोवळ थांबली.

म्हणून सांगतो, पेसमेकर असलेल्या माणसाची शुद्ध हरपली तर ताबडतोब रुग्णालय गाठा. पेसमेकरचं कार्ड आणि सगळी औषधं बरोबर न्या. तो उभा होता की बसलेला, किती वेळ बेशुद्ध होता, हातपाय झटकले का, हे पाहणाऱ्यानं सांगावं. आपल्या मनानं गोळी बंद करू नये.

मामू आता उठताना आधी खाटेच्या कडेवर दोन मिनिटं बसतात. नातवाला मोबाइल परत मिळाला आहे.