नाशिकचा शास्त्रज्ञ आणि बडोद्याचे कलाभवन

बडोद्याच्या रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेस वसलेल्या अलकापुरीचे नाव ऐकताच कालिदासाची यक्षनगरी आठवते. अशा सधन वस्तीतील घरांत आता आभासी वास्तवाची नेत्रयंत्रे येऊ लागली असतील, तर त्यात नवल नाही. ती डोळ्यांवर चढविली की घरबसल्या हिमालय दिसतो. समोर बसलेली आजी मात्र दिसेनाशी होते. या विद्येतील संशोधनाचा समाजास उपयोग तो काय, असे पुष्कळ सुजाण माणसे विचारतात. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर देण्यास नाशिकचे डॉ. रमेश रासकर यांचे कार्य पुरेसे आहे.

पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे हे पदवीधर. २००२ साली त्यांनी अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. डोक्यावर चढविण्याचे दर्शनयंत्र आयव्हन सदरलंड यांनी १९६८ साली सिद्ध केले, ते इतके जड की छतास टांगावे लागे. पुढे यंत्र हलके झाले, परंतु ते माणसाने अंगावर वागवावे, ही कल्पना कायम राहिली. रासकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिलाच छेद दिला. त्यांनी ताजमहालाची एक पांढरीशुभ्र प्रतिकृती घेतली आणि सभोवार ठेवलेल्या प्रोजेक्टरांतून तिच्यावर संगमरवराची झळाळी व छायाप्रकाश असे काही नेमके पाडले की पाहणाऱ्यास ती प्रतिकृती जणू खऱ्या दगडाची भासावी. डोळ्यांवर काही बांधावयास नको. चार माणसांनी मिळून भोवती फिरावे आणि पाहावे. हा प्रयोग २००१ सालचा. ऑलिव्हर बिंबर यांच्यासमवेत त्यांनी या विषयावर लिहिलेला ग्रंथ २००५ साली प्रसिद्ध झाला.

तथापि आम्हांस अधिक मोलाचे वाटते ते मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेत, म्हणजे एम.आय.टी.त, झालेले पुढचे काम. व्हिटर पॅम्प्लोना, अंकित मोहन व मान्युएल ऑलिव्हेरा यांच्यासह रासकरांनी २०१० साली ‘नेत्र’ नावाचे एक साधन मांडले. डोळे तपासण्याच्या नेहमीच्या यंत्रात प्रकाश डोळ्यांत सोडतात आणि परत येणारा प्रकाश मोजतात. येथे सारा व्यवहार उलटा आहे. मोबाइलच्या पडद्यावर एक लहानसे भिंग बसवावयाचे आणि त्यातून पाहावयाचे. दृष्टी निर्दोष असेल तर लाल व हिरवी रेघ एकमेकींवर पडलेल्या दिसतात. दोष असेल तर त्या अलग दिसतात. त्या जुळेपर्यंत पाहणाऱ्याने बटण दाबत राहावयाचे. रेघ किती सरकवावी लागली, यावरून चष्म्याचा नंबर निघतो. तक्त्यावरील अक्षरे ओळखण्याचीही गरज नाही. जोडावयाच्या भागाचा खर्च त्या वेळी सुमारे २ डॉलर सांगितला गेला होता. करमणुकीच्या पडद्यासाठी जी प्रकाशविद्या राबत होती, तीच अशी दृष्टिदोष मोजण्याच्या कामी आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार जगात किमान २२० कोटी लोकांना दृष्टिदोष असून त्यांतील निदान १०० कोटींचा दोष टाळता आला असता किंवा त्यावर उपाय अद्याप व्हावयाचा आहे. त्यांतील बहुतेकांस हवा असतो तो केवळ योग्य नंबरचा चष्मा किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया.

अर्थात नंबर कळला म्हणजे चष्मा नाकावर बसला, असे नव्हे. भिंग घासणारा, चौकट बसविणारा लागतोच. आणि रेघा जुळविल्याने काचबिंदू काही कळत नाही. त्यासाठी नेत्रवैद्यच हवा.

कॅमेऱ्याच्या ध्यासाने नाशिक परिसरातून बाहेर पडलेले रासकर हे पहिले नव्हेत. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके १८९० च्या सुमारास बडोद्याच्या कलाभवनात दाखल झाले. महाराज सयाजीरावांच्या आश्रयाने त्याच वर्षी स्थापन झालेल्या या संस्थेचे आचार्य त्रिभुवनदास गज्जर हे मातृभाषेतून तंत्रशिक्षण देण्याचे कैवारी. फाळक्यांचा कल ओळखून त्यांनी छायाचित्रशाळा व प्रयोगशाळा त्यांस मोकळी करून दिली. त्यातून काय निपजले, हे १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ने साऱ्या देशास दाखविले. (चित्रपटाच्या व्यासंगापायी याच फाळक्यांची दृष्टी काही काळ गेली होती, आणि ती परत आली ती वैद्याने दिलेल्या चष्म्यांमुळे!) गज्जरांनी विद्यार्थ्याच्या निबंधांची संख्या विचारली असती तर काय झाले असते?

आज मात्र ती विचारली जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीने शोधनिबंधास गुण ठरवून दिले आणि नियतकालिकाच्या प्रभावांकानुसार ते वाढविले. रासकरांच्या निबंधांचे दाखले जगभर दिले जातात, त्यांस २०१६ साली ५ लाख डॉलरचे लेमेल्सन-एम.आय.टी. पारितोषिकही लाभले, तेव्हा या हिशेबातही ते उणे पडणार नाहीत. प्रश्न आहे तो इतरांचा. २०१५ च्या कुंभमेळ्यानिमित्त रासकरांनी नाशिकात ‘कुंभथॉन’ या उपक्रमाद्वारे तरुणांना गर्दी, आरोग्य, निवास अशा गावच्याच अडचणींवर कामास लावले होते. कलाभवनाचा वारसा सांगणाऱ्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रशाखेस असे विषय शोधण्यासाठी फार हिंडावे लागणार नाही. पावसाळ्यात तुंबणारे अलकापुरीचे गरनाळे तिच्यापासून दूर नाही. त्या पाण्याची आगाऊ सूचना रिक्षावाल्याच्या मोबाइलवर त्याच्या भाषेत पोहोचविणारा एखादा अध्यापक निघाला, तर त्याच्या बढतीच्या अर्जात या कामास किती गुण मिळतील, हे विद्यापीठाने आजच जाहीर करावे.