द्राक्षाविना वाईन: रत्नागिरीचा बोंडू

मार्च-एप्रिलात रत्नागिरीतल्या कुठल्याही काजूच्या बागेत शिरा. झाडाखाली पिवळ्या-तांबड्या बोंडांचा सडा, त्यावर घोंगावणाऱ्या माश्या आणि नाकात शिरणारा आंबूस वास. बी पिरगळून टोपलीत जाते, बोंडू तिथेच राहतो. बीच्या सहा ते आठ पट वजनाचं हे फळ, संत्र्याच्या कितीतरी पट क जीवनसत्त्वाचं. त्यातलं थोडं गुरं खातात, बाकीचं कुजतं. आंबण्याचं काम जमिनीवर आपसूक सुरूच असतं. बाटली तेवढी कोणी लावत नाही.

महाराष्ट्रात वाईन म्हटली की नाशिक. १९९९ मध्ये तिथे ‘सुला’ ही वायनरी उभी राहिली, २००१ मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं आणि बघता बघता वायनरी हा सहलीचा मुक्काम झाला. कोकणाने हा कित्ता गिरवायचं म्हटलं तर फजिती होईल. नाशिकचा बागायतदार एप्रिलात खरड छाटणी करतो, ऑक्टोबरात गोडी छाटणी, आणि पुढे कोरड्या थंडीत घड भरतात. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, ऑक्टोबरच्या छाटणीला जमिनीत ओल आणि थंडी नावापुरती. केवडा हा बुरशीचा रोग वेलीला सोडणार नाही.

पण दमट हवेचं रडगाणं कोकणाचं एकट्याचं नाही. अमेरिकेत सरकारने द्राक्षप्रदेश म्हणून पहिली मान्यता दिली ती कॅलिफोर्नियातल्या नामांकित नापाला नव्हे, तर मिसुरी राज्यातल्या ऑगस्टा या छोट्या गावाच्या परिसराला, जून १९८० मध्ये. नापाचा नंबर त्यानंतर लागला. मिसुरीचा उन्हाळा दमट, युरोपातल्या वेली तिथे रोगाने हैराण होतात. तिथल्या लोकांनी ‘नॉर्टन’ हे अमेरिकेच्याच मातीतलं द्राक्ष धरलं. जवळच्या हर्मन गावातली ‘स्टोन हिल’ वायनरी १८४७ ची. दारूबंदीच्या काळात तिच्या तळघरांत चक्क अळंबी पिकवली गेली, आणि १९६५ मध्ये ती पुन्हा वाईनकडे वळली. हवेला न मानवणारं पीक रेटण्यापेक्षा हवा जे देते ते घ्या, एवढं एकच त्यांच्याकडून उचलावं.

आपली हवा काजू देते. झाड मूळचं ब्राझीलचं. तिथले मूळ रहिवासी पोर्तुगीजांच्या आधीपासून बोंडाचा रस आंबवून पीत. पोर्तुगीजांबरोबर झाड इकडे आलं, आणि गोव्याने त्या रसाची फेणी केली. तिला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आंबवलेला रस भट्टीवर चढवला की आधी उर्राक, मग फेणी. भट्टीवर न चढवता निवळू दिला की वाईन.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात जांभूळ, करवंद आणि काजूबोंड यांच्या वाईनवर संशोधन झालेलं आहे. कृती ऐकायला सोपी वाटते. बोंडं पहाटे वेचायची, फुटकी बाजूला, धुवायची आणि दाबायची. निघालेला रस गढूळ असतो आणि घशाला धरतो. हा टॅनिनचा प्रताप. मग साबुदाणा शिजवून त्याची पेज रसात ढवळायची. काही तासांत गाळ तळाला बसतो, वर पिवळसर, नितळ रस. त्याची गोडी वाईनला अपुरी, म्हणून साखर घालून ती वाढवायची, यीस्ट टाकायचं आणि टाकीचं तोंड असं बंद करायचं की वायू बाहेर पडेल, पण हवा आत जाणार नाही. बुडबुडे थांबले की गाळावरून वाईन अलगद दुसऱ्या टाकीत घ्यायची. पुढचे काही महिने धीर धरायचा, आणि कोकणी माणसाला नेमकं तेच अवघड जातं. (रागावू नका, मीही त्यातलाच.)

चवीबद्दल भाबडं कौतुक नको. बोंडाचा वास वाईनमध्ये लपत नाही. थंडगार प्यावी, तळलेल्या बांगड्याबरोबर प्यावी. ज्याला तो वासच नको त्याने जांभळाकडे वळावं. रंग आणि तुरटपणा या दोन्ही बाबतींत जांभूळ रेड वाईनच्या बरंच जवळ जातं.

द्राक्षाशिवाय वायनरी चालते का, याचं उत्तर याच किनाऱ्यावर आहे. पालघर जिल्ह्यात बोर्डीच्या ‘हिल झिल वाईन्स’ने डहाणू-घोलवड पट्ट्यातल्या चिकूची वाईन बाजारात आणली. सरकारही अगदी झोपलेलं नाही: काजूबोंड आणि मोहाच्या फुलांच्या मद्याला देशी दारूच्या रकान्यातून बाहेर काढण्याचा निर्णय २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने घेतला. खरी अडचण फळाच्या स्वभावात आहे. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने काजूच्या उत्तम जाती दिल्या, पण त्यांची पारख मुख्यतः बीवर झाली. बोंडू गळल्यावर दिवसभरात उतरतो, त्यात तो मऊ. ट्रकने दूरच्या कारखान्यात न्यायचा म्हटलं तर वाटेतच रस गळतो.

तेव्हा रत्नागिरीत बोंडाची वायनरी व्हायची असेल तर ती औद्योगिक वसाहतीत नको. ती बागेतच हवी, लहान हवी, आणि फेब्रुवारी ते मे काजूवर चालून जूनच्या तोंडावर जांभळाला लागणारी हवी. एका फळाच्या चार महिन्यांवर कर्जाचे हप्ते फिटत नाहीत.