तिकिटावर न छापलेली किंमत

नाटकाचा प्लॅन उघडला की नाट्यगृहाच्या खिडकीपाशी रांग लागे, आणि आत बसलेला बुकिंग क्लार्क खुर्च्यांच्या छापील नकाशावर पेन्सिलीने फुल्या मारीत एकेकाला तिकिटे देई. पैसे मोजले, तिकीट घेतले, व्यवहार संपला. घेणाऱ्याचे नाव काय, तो कोणत्या वस्तीतून आला, गेल्या आठवड्यात त्याने कोणाचे व्याख्यान ऐकले, याची चौकशी त्या खिडकीने कधी केली नाही. ती करण्याचे कारणही नव्हते. ही खिडकी अनेक ठिकाणी आजही आहे. परंतु आता बरेच प्रेक्षक घरबसल्या संकेतस्थळावर तिकीट काढतात, आणि तेथे मात्र ही चौकशी न विचारताच होत असते.

गेल्या सत्रात आमच्या महाविद्यालयातील बावीस विद्यार्थ्यांसाठी एका नाट्यगृहाच्या संकेतस्थळावर तिकिटे काढण्याचा प्रसंग प्रस्तुत लेखकावर आला. खुर्च्यांचा नकाशा उघडताच पडद्याच्या तळाशी एक काळी पट्टी अवतरली. ‘आम्ही कुकी वापरतो’ असे तीवर इंग्रजीत लिहिलेले होते आणि ‘स्वीकारा’ एवढेच एक बटण होते. मोबाइलच्या लहान पडद्यावर ही पट्टी नेमकी मागच्या, म्हणजे आम्हाला परवडणाऱ्या, रांगांवरच पसरली होती. शेजारी उभ्या असलेल्या अकरावीतील विद्यार्थिनीने विचारले, “सर, स्वीकारलं नाही तर तिकीट मिळणारच नाही का?” मला उत्तर देता आले नाही. खासगीपणाचे धोरण म्हणून जो मजकूर होता तो उघडून पाहिला. सात-आठ पडदे भरतील एवढे कायदेशीर इंग्रजी. त्यात युरोपीय कायद्याखाली ग्राहकाला असलेल्या हक्कांचा सविस्तर उल्लेख होता. नाट्यगृह महाराष्ट्रातले, नाटक मराठी, प्रेक्षक जिल्ह्याच्या गावचे. आणि हक्क मात्र युरोपचे! हा मजकूर कोठून तरी उचलून चिकटवलेला होता, हे सांगायला तज्ज्ञाची गरज नव्हती.

कुकी ही वस्तू मुळात निरुपद्रवी, किंबहुना आवश्यक आहे. संगणकाच्या जाळ्यावरील संवाद स्वभावतः विस्मरणशील असतो. आपण एक पान मागतो, दूरचा संगणक ते पाठवतो आणि आपल्याला विसरून जातो. दुसरे पान मागताच त्याच्या लेखी आपण पुन्हा अनोळखी. बातमी वाचण्यापुरते हे चालते. पण ‘ओ’ रांगेतील चार खुर्च्या निवडून पैसे भरण्याच्या पानावर जावे, तो त्या कोणी निवडल्या होत्या हेच संगणक विसरलेला असावा, असे झाले तर तिकीट निघणार कसे? १९९४ साली नेटस्केप या कंपनीतील लू माँटुली या अभियंत्याने यावर उपाय काढला. संकेतस्थळाने पाहुण्याच्याच संगणकात खुणेचा एक लहानसा मजकूर ठेवावयाचा आणि पुढील प्रत्येक भेटीत तो परत मागावयाचा. देवळाबाहेर चपला ठेवताना जसा क्रमांकाचा बिल्ला मिळतो, तसाच हा प्रकार. बिल्ल्यावर आपले नाव नसते. चपला मात्र बरोबर परत मिळतात. एका देवळाचा बिल्ला दुसऱ्या देवळाच्या माणसाला वाचता येऊ नये, अशीही व्यवस्था मूळ रचनेत होती.

या व्यवस्थेला फट पडली ती अशी. संकेतस्थळाचे एक पान म्हणजे एकाच ठिकाणाहून आलेला मजकूर असतोच असे नाही. त्यात चित्रफितीचा तुकडा एका कंपनीकडून येतो, रस्त्याचा नकाशा दुसरीकडून, जाहिरात तिसरीकडून. भेटी मोजणारी अदृश्य यंत्रणा आणखी कोणाची तरी. यांपैकी प्रत्येकाला आपापला बिल्ला पाहुण्याच्या खिशात टाकण्याची संधी मिळते. आता हीच जाहिरात कंपनी हजारो संकेतस्थळांवर हजर असेल, तर नाट्यगृहात दिलेला तिचा बिल्ला ती औषधाच्या दुकानातही ओळखते, नोकरीच्या जाहिरातींच्या पानावरही ओळखते आणि वधूवर सूचक मंडळातही ओळखते. नाव ठाऊक नसले तरी माणूस ठाऊक होतो. या धंद्यातील आरंभीची मोठी कंपनी डबलक्लिक ही होय. गूगलने ती विकत घेण्याचा सौदा २००७ मध्ये ३१० कोटी डॉलरना केला. एवढा पैसा कोणी बिल्ल्यांच्या पत्र्यासाठी मोजत नाही.

एखाद्याने साबण कोणता घेतला हे कळले तर फारसे बिघडत नाही, असे म्हणणारे भेटतात. साबणापुरते ते मान्य करू. पण सभागृह हे साबणाचे दुकान नव्हे. तेथे कोणी नाटक पाहतो, कोणी एखाद्या पक्षाच्या मेळाव्याला जातो, कोणी धर्मचिकित्सेचे व्याख्यान ऐकतो, कोणी कर्करोगाविषयीच्या मार्गदर्शनाला येतो, कोणी व्यसनमुक्तीच्या बैठकीला. कोण कोणत्या दिवशी कोणत्या कार्यक्रमाचे पान उघडून किती वेळ थांबला, याची यादी म्हणजे त्या गावाच्या मतांची, आजारांची आणि अस्वस्थतेची यादी होय. सरकारी नोकरीतील कारकुनाला किंवा खासगी संस्थेतील शिक्षकाला ही यादी कोणाच्या हाती असावी याची फिकीर असणे स्वाभाविक आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, त्यामागे असल्याच भीतीचे भान होते.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे एक प्रश्न पडावा. वृत्तपत्राचे संकेतस्थळ वाचकाचा माग काढू देते तेव्हा त्याच्या पदरात निदान जाहिरातीचे उत्पन्न तरी पडते. नाट्यगृहाचे उत्पन्न भाड्यातून आणि तिकिटांतून येते. मग प्रेक्षकांची ही माहिती दुसऱ्याच्या हाती देऊन त्याला मिळते काय? बहुतेक वेळा भेटी मोजण्याचे एक फुकट साधन आणि पानावर चित्रफीत दाखवण्याची सोय. म्हणजे नाट्यगृह प्रेक्षकांची माहिती विकत नाही, ते ती वाटून टाकते. आणि या फुकट साधनाची किंमत तिसराच मोजतो, जो या व्यवहारात पक्षकारही नसतो. कारखाना धूर सोडतो आणि खोकला शेजाऱ्याला होतो, यालाच आपण वर्गात बाह्य परिणाम म्हणतो. फरक इतकाच की धूर डोळ्यांना दिसतो.

यावर ठरलेले उत्तर असे की, आम्ही धोरण जाहीर केले आहे, ज्याला नको त्याने वाचून निघून जावे. संमती घेतली की व्यवहार शुद्ध झाला, हे गृहीतक बाजारपेठेच्या पाठ्यपुस्तकातून उचललेले आहे. पण त्या पाठ्यपुस्तकात ग्राहकाला वस्तूची किंमत माहीत असते. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठातील अलीशिया मॅकडॉनल्ड आणि लॉरी क्रेनर यांनी २००८ मध्ये एक हिशेब मांडला होता. वर्षभरात भेट दिलेल्या प्रत्येक संकेतस्थळाचे खासगीपणाचे धोरण एखाद्याने खरोखरच वाचावयाचे ठरवले, तर त्याला वर्षाकाठी सुमारे २०१ तास लागतील. रोजचे आठ तास धरले तर हे पंचवीस दिवसांचे काम झाले. आमच्याकडे तर ते परभाषेत वाचावयाचे. तेव्हा ‘स्वीकारा’ हे बटण दाबणारा माणूस संमती देत नसून खुर्च्यांचा नकाशा मोकळा करून घेत असतो.

युरोपात हा वाद बराच पुढे गेलेला आहे. मागितलेली सेवा देण्यासाठी अपरिहार्य असलेली कुकी वगळता बाकीच्यांसाठी आधी संमती घेतली पाहिजे, हे तेथे २००९ च्या दुरुस्तीने ठरले. आधीच खूण करून ठेवलेला चौकोन म्हणजे संमती नव्हे, असे युरोपीय न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ रोजी सांगितले. आणि जानेवारी २०२२ मध्ये फ्रान्सच्या माहिती-संरक्षण यंत्रणेने गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड जाहीर केला. कारण मोठे मनोज्ञ आहे: कुकी स्वीकारायला एक टिचकी पुरे होत होती, नाकारायला मात्र अनेक माराव्या लागत होत्या. होकार आणि नकार यांना सारखेच श्रम पडले पाहिजेत, हा यातला मुद्दा. तरीही युरोपीय नागरिकाच्या वाट्याला पट्ट्यांचा सुळसुळाट आलाच आहे, आणि कंटाळून ‘स्वीकारा’ दाबणारे तेथेही आहेत. कायद्याने सारे सुरळीत झाले असे मानण्याचे कारण नाही.

आपल्याकडे संसदेने २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम संमत केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि संमतीविषयीच्या मुख्य तरतुदींना अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली. या कायद्यात कुकी हा शब्द कोठेही नाही. शासनाला त्यात ठेवलेल्या सवलती आणि माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात त्याने केलेली दुरुस्ती यांविषयी गंभीर आक्षेप आहेत, आणि ते मला रास्त वाटतात. तथापि दोन कलमे आपल्या नाट्यगृहांनी आणि व्याख्यानमालांनी आजच वाचून ठेवावीत अशी आहेत.

पहिले असे की, माहिती कशासाठी घेतली जात आहे याची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय नागरिकाला मिळाला पाहिजे. मराठी त्या अनुसूचीत आहे. नाटकाची जाहिरात मराठीत, तिकिटावरील सूचना मराठीत, आणि ज्या एका मजकुरावर प्रेक्षकाची संमती घ्यावयाची तेवढा इंग्रजीत, हा प्रकार यापुढे कायद्यातही बसणार नाही. दुसरे कलम मुलांविषयीचे. हा कायदा अठरा वर्षांखालील प्रत्येकाला मूल मानतो आणि मुलांचा माग काढण्यास, त्यांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास व त्यांच्यावर रोखलेल्या जाहिरातींना मनाई करतो. माझ्या शेजारी उभी राहून प्रश्न विचारणारी ती अकरावीची मुलगी या व्याख्येत बसते. बालनाट्यांच्या प्रेक्षकांबद्दल तर बोलायलाच नको.

नाट्यगृहांच्या अडचणी मला ठाऊक आहेत. वातानुकूलन बिघडते, स्वच्छतागृहांची तक्रार कायमची, प्रयोगांच्या तारखांवरून भांडणे. त्यात ही कुकी कोण पाहणार? पण येथे खर्च करावयाचा नसून काही गोष्टी काढून टाकावयाच्या आहेत. खुर्च्या धरून ठेवणारी कुकी राहू द्यावी. भेटी मोजावयाच्या असल्या तर आपल्याच संगणकावर, माणूस न ओळखता, मोजता येतात. चित्रफीत पाहुण्याने मागितल्यावरच उघडावी. एवढे केले की त्या काळ्या पट्टीचे प्रयोजनच उरत नाही, आणि मागच्या रांगाही दिसू लागतात.

त्या नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांना मी भेटलो. गृहस्थ सौजन्यशील होते. संकेतस्थळ एका कंपनीने करून दिले आहे, त्यात काय काय आहे याची आपल्याला कल्पना नाही, असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले आणि मलाच काही सुचवायला म्हणाले. मी चार ओळी लिहून दिल्या: “तुम्ही निवडलेल्या खुर्च्या तिकीट होईपर्यंत लक्षात राहाव्यात, म्हणून हे संकेतस्थळ तुमच्या यंत्रात एक खूण ठेवते. तिकीट निघाले की ती पुसली जाते. मोबाइल क्रमांक प्रयोग रद्द झाल्यास कळवण्यासाठी घेतो आणि प्रयोगानंतर काढून टाकतो. यापलीकडे तुमची कोणतीही माहिती आम्ही ठेवत नाही व कोणाला देत नाही.” त्यांनी कागद दोनदा वाचला. शेवटचे वाक्य खरे आहे की नाही हे आधी त्या कंपनीला विचारावे लागेल, असे ते म्हणाले. कंपनीचे उत्तर अजून आलेले नाही.