मण्यांतून उतरवा आजोबांची ‘चेतक’

घरातला लग्नाचा जुना अल्बम काढा. एखाद्या फोटोच्या कोपऱ्यात ती अर्धीमुर्धी दिसेल, बजाज चेतक. १९७२ मध्ये आलेल्या या स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. डिसेंबर २००९ मध्ये बजाजनं स्कूटर बनवणं बंद करत असल्याचं जाहीर केलं. २०२० मध्ये चेतक परत आली, पण इलेक्ट्रिक होऊन. जुन्या गाड्या बहुतेक घरांतून भंगारात गेल्या. तुमच्या घरचीही गेली असेल, तर ती सुई-मण्यांनी परत आणता येते!

येवल्याच्या पैठणीवर शोभेलसं आरी वर्कचं ब्लाऊज तुम्ही लग्नांत पाहिलंच असेल. तिथे मण्यांतून मोर उतरतो, तर स्कूटर का नाही?

तीन हजार मणी

जाड सुती कापड, लाकडी रिंग, मण्यांची बारीक सुई, मजबूत दोरा आणि मणी, बस्स. मेन रोडवरच्या लेस-बटणांच्या दुकानांपासून शोध सुरू करा. एक लक्षात ठेवा, मण्याचा नंबर जितका मोठा, तितका मणी लहान. ११ नंबरचा मणी साधारण २ मिलिमीटरचा असतो. एका चौरस सेंटिमीटरला सुमारे ३० मणी लागतात. म्हणजे पोस्टकार्डाहून जरा लहान, १०० चौरस सेंटिमीटरच्या गाडीला झाले तीन हजार! त्यामुळे सबमिशनच्या आदल्या रात्रीसारखी घाई इथे चालत नाही.

सरळ रेघ नको

फोटो बटर पेपरवर ट्रेस करा आणि कार्बननं कापडावर उतरवा. आधी बाह्यरेषा. चार मणी ओवून रेषेवर बसवा, सुई कापडाखाली न्या, दुसऱ्या-तिसऱ्या मण्याच्या मधून वर काढा आणि शेवटच्या दोन मण्यांतून पुन्हा घाला. ओळ हलत नाही.

खरी परीक्षा भरताना. चेतकचा मागचा भाग दोन्हीकडे फुगीर, उजवीकडे आत इंजिन. तिथे सरळ ओळी घातल्या की गाडी पत्र्याच्या डब्यासारखी सपाट दिसते. ओळी त्या गोलाईबरोबर वळवा. एकाच रंगाच्या तीन छटा घ्या : वर फिकी, मध्ये मूळ, खाली गडद. टायरला चमक नसलेला काळा मणी, आरशाच्या कडेला चंदेरी, हेडलाइटला एकच काचेचा खडा. नंबर प्लेट मात्र मण्यांनी लिहायचा हट्ट नको. एक अक्षर उमटायला उंचीत किमान पाच मणी, म्हणजे सेंटिमीटरभर जागा जाते. अक्षरं दोऱ्यानंच काढा.

पोचा बुजवू नका

नेटवर चेतकचे चकचकीत फोटो ढिगानं मिळतात. ती शोरूमची गाडी, तुमच्या घरची नव्हे. घरच्या गाडीला कुठेतरी पोचा होता, सीट फाटून शिवलेली होती, एखाद्या दिवाळीत रंगच बदलला होता. अल्बममधल्या अर्ध्या फोटोत यातलं काहीच सापडणार नाही. ते फक्त आजोबांना माहीत आहे आणि ते लिहून ठेवलेलं नाही.

म्हणून सुई हातात घेण्याआधी त्यांना विचारा. पोचा कुठल्या बाजूला होता? किक मारण्याआधी गाडी तिरकी करावी लागायची का? पुढे कोण उभं राहायचं? आजी लगेच ‘तसं नव्हतं हो’ म्हणेल. म्हणू द्या, तिच्याकडूनच आणखी चार गोष्टी कळतील. रुखवतासाठी मण्यांची तोरणं केलेली आजी असेल, तर टाकाही तीच सुधारून देईल. सुईत दोरा तेवढा तुम्ही ओवून द्या.

आणि पोचा सापडला, की तो गाडीवर ठेवाच. खोलगट जागी गडद मण्यांच्या दोन ओळी, कडेला फिके दोन मणी, झाला पोचा. आजोबा गाडी ओळखतील ती त्यावरूनच.

मणी पुढच्या आठवड्यात आणले तरी चालतील. आजोबांशी आजच बोला.