अस्थिर हृच्छूल : हस्तक्षेप केव्हा आणि कोणावर?

अस्थिर हृच्छूलाने रुग्णालयात आलेल्या रोग्याची ॲंजिओग्राफी लगेच करावी, की औषधांनी वेदना शमवून वाट पाहावी, या प्रश्नावर गेल्या तीन दशकांत अनेक मोठ्या चाचण्या झाल्या. त्यांचे निष्कर्ष वरवर पाहता एकमेकांस छेद देतात. हा विरोध खरा किती आणि मोजण्याच्या रीतीतून उद्भवलेला किती, एवढाच विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम वादाची मर्यादा सांगितली पाहिजे. या विकारात हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिणीच्या भिंतीतील मेदाचा थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि प्रवाह क्षीण होतो. पण बहुधा पूर्ण थांबत नाही. रोहिणी सर्वस्वी बंद होऊन हृदयालेखात एसटी भाग उंचावला असेल, तर ती तातडीने मोकळी करावी याविषयी दुमत नाही. औषधे देऊनही वेदना थांबत नसेल, रक्तदाब ढासळत असेल किंवा घातक लयदोष उद्भवत असेल, तर तेथेही वाट पाहणे गैर. वाद आहे तो ॲस्पिरिन, हेपारिन आदी औषधांनी स्थिरावलेल्या रोग्याविषयी.

हस्तक्षेपी मार्गात अशा प्रत्येक रोग्याची ॲंजिओग्राफी करून, जरूर तेथे स्टेंट बसवितात किंवा बायपास शस्त्रक्रिया करतात. दुसऱ्या मार्गाला लावले जाणारे ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ हे विशेषण मात्र दिशाभूल करणारे आहे. त्याचा अर्थ हस्तक्षेपाला नकार असा नव्हे. वेदना परतली किंवा व्यायामचाचणीत दोष आढळला, तर याही मार्गातील रोग्याची ॲंजिओग्राफी होतेच. तेव्हा तुलना ‘करणे’ आणि ‘न करणे’ यांची नसून, ‘सर्वांवर आधीच’ आणि ‘निवडकांवर, गरज दिसल्यावर’ यांची आहे. ही निवड किती कडक ठेवली, यावर चाचणीचा निकाल पुष्कळसा अवलंबून राहतो.

१९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील व्हॅंक्विश चाचणीत ९२० रोगी होते. रुग्णालयातून घरी जाण्यापूर्वी हस्तक्षेपी गटात २१, तर दुसऱ्या गटात ६ मृत्यू झाले. वर्षअखेरीस हे आकडे ५८ आणि ३६ झाले. परंतु हस्तक्षेपी म्हटलेल्या गटातही प्रत्यक्ष स्टेंट, फुगा किंवा बायपास झालेले रोगी ४४ टक्केच होते, आणि त्या गटात बायपासनंतरच्या तीस दिवसांतील मृत्युप्रमाण ११.६ टक्के, म्हणजे फारच मोठे होते. पुढच्याच वर्षी स्कॅंडिनेव्हियातील फ्रिस्क-२ चाचणीने उलट कौल दिला. २४५७ रोग्यांत सहा महिन्यांअखेर मृत्यू किंवा इन्फार्क्शन हस्तक्षेपी गटात ९.४ टक्के व दुसऱ्यात १२.१ टक्के आढळले. तेथे संयमित गटाला ॲंजिओग्राफीचे दार जवळजवळ बंदच होते : पहिल्या दहा दिवसांत त्यांच्यापैकी अवघ्या ९ टक्क्यांवर, तर हस्तक्षेपी गटात ७१ टक्क्यांवर रोहिणी मोकळी करण्याचा उपचार झाला.

आता २००५ सालची नेदरलंड्समधील इक्टस चाचणी पाहावी. तिचे १२०० रोगी सारे ट्रोपोनिन वाढलेले, म्हणजे हृदयस्नायूला इजा झाल्याची खूण रक्तात असलेले होते. अशांनाच हस्तक्षेपाचा लाभ अधिक व्हावा, ही तोवरची अपेक्षा. एका वर्षात मृत्यू, इन्फार्क्शन किंवा हृच्छूलासाठी पुन्हा दाखल होणे, यांचे एकत्रित प्रमाण हस्तक्षेपी गटात २२.७, तर निवडक गटात २१.२ टक्के आले. मृत्यू दोन्हीकडे २.५ टक्के. यात दोन गोष्टी दडलेल्या आहेत. निवडक गटातील ४० टक्के रोग्यांवर पहिल्याच मुक्कामात रोहिणी मोकळी करण्याचा उपचार झाला होता. दार येथे बरेच उघडे होते. शिवाय इन्फार्क्शन हस्तक्षेपी गटात १५ आणि निवडक गटात १० टक्के नोंदले गेले, पण सीके-एमबी हे विकर सामान्य मर्यादेच्या किंचित वर गेले तरी ते इन्फार्क्शन धरले जाई, मग ती वाढ स्टेंट बसविताना झालेली का असेना. उपचारातील अल्प इजा आणि घरी बसल्या आलेला झटका यांना एकच वजन द्यावे काय? माझ्या मते देऊ नये. पण ती इजा हिशेबातून अजिबात वगळणेही हस्तक्षेपाच्या बाजूने केलेला पक्षपात ठरेल.

या कोंडीतून वाट निघाली ती दीर्घ मुदतीच्या एकत्रित गणिताने. फ्रिस्क-२, इक्टस आणि ब्रिटनमधील रिटा-३ यांच्या ५४६७ रोग्यांची पाच वर्षांची माहिती २०१० साली एकत्र मांडली गेली. हृद्रोगजन्य मृत्यू किंवा इन्फार्क्शन हस्तक्षेपी गटात १४.७, तर निवडक गटात १७.९ टक्के निघाले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वय, मधुमेह, पूर्वीचे इन्फार्क्शन, एसटी भागाची घसरण अशा लक्षणांवरून रोग्यांची जोखीम ठरविली असता, कमी जोखमीत प्रत्यक्ष घट २.० टक्के, मध्यम जोखमीत ३.८ आणि अतिजोखमीत ११.१ टक्के आढळली. म्हणजे शंभर अतिजोखमीच्या रोग्यांमागे अकरा जणांचा लाभ, कमी जोखमीच्या शंभरांमागे दोघांचा. ॲंजिओग्राफीची सोय ज्या गावी नाही, तेथील डॉक्टरला आज रात्री कोणाला पुढे पाठवावे हे ठरविण्यास एकूण सरासरीपेक्षा हे तीन आकडे अधिक उपयोगी आहेत.

मात्र वय हे जोखमीचे लक्षण असले तरी अतिवृद्धांना हेच गणित सरळ लागू पडत नाही. ७५ वर्षे व त्यावरील १५१८ रोग्यांची ब्रिटनमधील सीनियर-रिटा चाचणी २०२४ साली प्रसिद्ध झाली. सरासरी वय ८२. चार वर्षांहून थोड्या अधिक काळात हृद्रोगजन्य मृत्यू किंवा इन्फार्क्शन हस्तक्षेपी गटात २५.६ आणि औषधी गटात २६.३ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच राहिले. जीवघेणे न ठरलेले इन्फार्क्शन तेवढे ११.७ विरुद्ध १५.० टक्के, असे कमी झाले. एवढ्या लाभासाठी ॲंजिओग्राफीच्या मेजावर जावयाचे की नाही, हे अशा रोग्याला आकडे समजावून देऊन त्यालाच विचारावे लागते.