शेतराखणीची बंदूक : ठासणीची की काडतुसाची?

भात पोटरीत आले की रानडुकरांना त्याचा पत्ता कसा लागतो, देव जाणे. एका रात्रीत कळप येतो आणि अर्धे शेत लोळवून जातो. मग माळ्यावर बसून डबे वाजवा, बत्त्या लावा, जुन्या साड्यांचे कुंपण करा. आठ दिवस उपयोग होतो, पुढे डुकरेही सरावतात. अशा वेळी घरात बंदुकीचा विषय निघतो आणि पहिला प्रश्न पडतो तो हाच, की ठासणीची घ्यावी की काडतुसाची?

बरेच जण किमतीवरून ठरवतात. आमचे म्हणणे असे, की किमतीआधी एक गोष्ट पाहा. भरलेली बंदूक न उडवता पुन्हा रिकामी करता येते का?

ठासणीच्या बंदुकीत सगळा माल नळीच्या तोंडातून जातो. आधी दारू, तिच्यावर बोळा, मग छरे, पुन्हा बोळा, आणि हे सारे गजाने ठासायचे. शेवटी मागे केप, म्हणजे ठिणगी पाडणारी छोटी टोपी, बसवायची. कोकणात, सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडे, अशा बंदुका बापाकडून मुलाकडे चालत आलेल्या दिसतात. रचना साधी, बिघडण्यासारखे फारसे काही नाही. पण तिची काळी दारू सोरा, कोळसा आणि गंधकाची. ती ओल धरते, आणि बंदुकीची गरज तर नेमकी पावसाळ्यातच. केप वाजते, बार उडत नाही. अशा वेळी चुकूनही नळीत डोकावू नका. निदान मिनिटभर नळी मोकळ्या जागेकडे, माणसांपासून दूर धरून ठेवा. कधी कधी बार उशिरा उडतो.

खरी अडचण पहाटे येते. रात्रभर जागलात, डुक्कर फिरकलेच नाही, आता भरलेली बंदूक घेऊन घरी जायचे. ती रिकामी करायची तर बार उडवावा लागतो, नाहीतर गजाला फिरकी लावून बोळा ओढावा लागतो, आणि ते जोखमीचे काम. मग केप तेवढी काढतात आणि बंदूक खुंटीला लावतात. नळीत दारू तशीच! दुपारी पोरे हात लावतात. किंवा संध्याकाळी धाकटा भाऊ, रिकामी आहे असे समजून, भरल्या नळीत पुन्हा भरतो. अशी नळी फुटली तर हात, डोळा, काहीही जाऊ शकते.

यावर एक सोपी युक्ती आहे. नळी नक्की रिकामी असताना गज तळापर्यंत घाला आणि नळीच्या तोंडाशी गजावर खूण करा. पुढे कधीही गज टाकल्यावर खूण वर राहिली, तर आत माल आहे असे समजा. मात्र हे पाहताना केप काढलेली हवी आणि तोंड व हात नळीच्या रेषेबाहेर हवेत. घरातल्या बायामाणसांनाही याचा अर्थ सांगून ठेवा. झाडलोट करताना बंदुकीला हात त्यांचाच लागतो.

काडतुसाच्या बंदुकीत हा घोर नाही. केप, दारू, बोळा, छरे सगळे एका नळकांड्यात बंद होऊन येते. बंदूक मधून मोडली की काडतूस हातात येते, आणि नळी रिकामी आहे हे डोळ्यांना दिसते. नेहमीची बंदूक बारा बोअरची. नळीच्या मापाच्या बारा शिशाच्या गोळ्यांचे वजन एक पौंड भरते, म्हणून बारा. खर्च अर्थात जास्त, कारण प्रत्येक बाराला काडतूस विकत घ्यायचे.

हा खर्च वाचवावा म्हणून कोणी सुचवील, की रिकामी काडतुसे घरीच भरू. अमेरिकेत अनेक शेतकरी ते करतात. तिथे टेबलाला बसवायची दाबयंत्रे मिळतात. एका दांड्याने जुनी केप काढायची, नवी बसवायची, दारू मापायची, छरे घालून तोंड दुमडायचे. तिथेही जाणते लोक नवशिक्याला सावकाश चालणारे, एका वेळी एकच काम करणारे यंत्र घ्यायला सांगतात. घाईत एकाच काडतुसात दोनदा दारू पडू नये म्हणून. आपल्याकडे मात्र १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या ५ व्या कलमाने परवान्यावाचून दारूगोळा तयार करायला मनाई आहे. तेव्हा त्या वाटेला जाऊ नका.

आता परवाना. याच कायद्याचे १३ वे कलम पीकरक्षणासाठी मुख्यतः ठासणीची बंदूक धरते. पण ती पुरेशी नाही असे अधिकाऱ्याला पटले, तर किमान २० इंच नळीची दुसरी, आतून गुळगुळीत नळीची बंदूक देता येते, अशी सवलतही त्यातच आहे. पुष्कळांना ती ठाऊक नसते. घरात लहान मुले असतील तर आमच्या मते काडतुसाचीच मागावी, आणि ठासणी का पुरत नाही ते अर्जात स्पष्ट लिहावे. सातबारा सोबत ठेवा. अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, चौकशी पोलीस ठाण्याची. २०१९ च्या दुरुस्तीपासून परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली आहे. परवान्यावर ज्याचे नाव नाही, त्याच्या हाती बंदूक देऊ नका.

आणि हे नीट ध्यानात घ्या, की बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली ती परवानगी वनखात्याकडून वेगळी घ्यावी लागते, आपल्या शेतातल्या डुकरासाठीसुद्धा. गवा, मोर, बिबट्या यांना तर पहिल्या परिशिष्टाचे संरक्षण आहे. हवेत बार काढून कळप हुसकावला तरी पुष्कळदा काम भागते. मात्र त्या रोखाने वस्ती, गुरे किंवा दुसऱ्याचा माळा नाही ना, ते उजेडीच पाहून ठेवा.

निवडणूक आली की बंदुका ठाण्यात जमा करण्याचे हुकूम निघतात. २०१९ आणि २०२४ मध्ये विधानसभेची आचारसंहिता ऐन भाताच्या दिवसांत लागू होती. तुम्हाला हुकूम आला तर पीकरक्षणाचे कारण देऊन सूट मिळते का, याचा अर्ज आधी करा. जमा करावीच लागली, तर नंबर लिहिलेली पावती घेतल्यावाचून ठाण्याची पायरी उतरू नका.