मोटर मोठी नको, प्रवाह रुंद हवा

सांगली जिल्ह्यातल्या माणसाला पंप म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. तिथल्या कारखान्याचे पंप पुढे गावोगावच्या विहिरींवर बसले. कृष्णेचं पाणी म्हैसाळपासून टप्प्याटप्प्याने वर चढत जतच्या कोरड्या रानापर्यंत जातं, तेही पंपांच्याच जोरावर. इथला शेतकरी दुकानात शिरला की आधी विचारतो, किती एचपी? मग विचारतो, हेड किती, म्हणजे पाणी किती उंच चढवणार? एवढ्यात त्याची निम्मी खरेदी झालेली असते.

हीच सवय घेऊन कुणी सांगलीच्या विश्रामबागेतल्या आपल्या फ्लॅटमध्ये खाऱ्या पाण्याची, प्रवाळांची टाकी मांडायला निघाला, तर त्याचा पहिलाच पंप चुकण्याची शक्यता मोठी. शेतातल्या पंपाचं काम पाणी वर चढवण्याचं. प्रवाळांच्या टाकीतल्या पंपाला पाणी कुठेच चढवायचं नसतं. आहे त्या पातळीवर, काचेच्या चार भिंतींत, पाणी सतत हलतं ठेवायचं, एवढंच त्याचं काम. हेड शून्य. म्हणून इथं एचपी विचारून काही हाती लागत नाही.

पाणी हलतं का ठेवायचं, हे कळलं की पंप निवडणं अर्धं सोपं होतं. प्रवाळ म्हणजे खडकाला चिकटलेला प्राणी. मासा अन्नामागे पोहत जातो. प्रवाळाकडे अन्न, प्राणवायू आणि कॅल्शियम पाण्यानेच आणून द्यावं लागतं, आणि त्याने टाकलेला चिकट स्राव व घाणही पाण्यानेच वाहून न्यावी लागते. त्याच्या अंगालगत पाण्याचा एक अगदी पातळ थर जवळजवळ स्थिर उभा असतो. आत जाणारा आणि बाहेर पडणारा प्रत्येक कण या थरातून संथपणे झिरपत जातो. बाहेरचा प्रवाह जितका जिवंत, तितका हा थर पातळ. २०१४ साली अमेरिका आणि इस्रायलमधल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की प्रवाळ आपल्या अंगावरच्या सूक्ष्म केसांनी स्वतःही पाण्याचे चिमुकले भोवरे उठवतात आणि हा थर घुसळत राहतात. पण त्या केसांची पोच ती किती! मोठं काम समुद्रालाच करावं लागतं, आणि टाकीत ते आपल्याकडे येतं.

गंमत अशी, की दिवसा प्रवाळाला प्राणवायूची टंचाई नसते, उलट तो अति होतो. त्याच्या पेशींत राहणारी एकपेशीय शैवालं उजेडात अन्न तयार करतात आणि प्राणवायू सोडतात. तो वेळेवर बाहेर गेला नाही तर प्रकाशसंश्लेषणच मंदावतं. म्हणजे महागडे दिवे लावून पाणी मात्र साचलेलं ठेवलं, तर दिव्यांचे निम्मे पैसे वाया. १९९८ साली समुद्र तापून जगभर प्रवाळ पांढरे पडले, तेव्हा एकाच भागातले काही मेले आणि काही वाचले. ताकाशी नाकामुरा आणि रॉबर्ट व्हॅन वूसिक यांनी ओकिनावातल्या प्रवाळांवर प्रयोग करून २००१ साली त्याचं एक कारण मांडलं: तितक्याच गरम पाण्यात, जिथं प्रवाह जोराचा होता तिथले प्रवाळ तगले. सांगलीच्या मे महिन्यात टाकी सांभाळणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

रात्री चित्र उलटतं. दिवे बंद झाले की शैवालंही प्राणवायू वापरू लागतात, आणि मुळात समुद्राच्या पाण्यात तो कमीच मावतो. २७ अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम, तर समुद्राच्या पाण्यात साडेसहाच्या आसपास. त्यामुळे निदान एका पंपाची धार अशी लावावी, की पाण्याचा पृष्ठभाग सतत थरथरत राहील. हवेतला प्राणवायू पाण्यात शिरतो तो तिथूनच.

या छंदाची सुरुवात मात्र पाण्याच्या पंपाविना झाली. जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ च्या सुमारास केवळ ‘जिवंत खडक’ (समुद्रातले, सूक्ष्म जीवांनी भरलेले दगड), ऊन आणि हवेचे बुडबुडे यांवर प्रवाळ जगवून दाखवले. पुढे वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात वॉल्टर अडी यांनी पाणी भरलं की आपोआप कलंडणारी बादली बसवून टाकीत लाट आणली. हवाईच्या वायकिकी मत्स्यालयात ब्रूस कार्लसन यांनी वरच्या टाकीत पाणी साठवून ते सायफनने एकदम सोडण्याची युक्ती केली. तिला आजही कार्लसनचंच नाव आहे. या सगळ्या खटपटींत एक शहाणपण आहे. खऱ्या समुद्रात पाणी नळासारखं एका दिशेने वाहत नाही, ते पुढे येतं आणि मागे जातं. मालवणच्या खडकांवर उभं राहून पायांना जे जाणवतं, तेच प्रवाळाला हवं असतं.

आता दुकानाकडे वळू. टाकीखालच्या कपाटात गाळणीची दुसरी टाकी, म्हणजे सम्प, असेल तर पंपाची दोन वेगवेगळी कामं निघतात. सम्पमधलं पाणी वर चढवतो तो रिटर्न पंप. इथं सांगलीकराचं ज्ञान जसंच्या तसं उपयोगी पडतं, कारण इथं हेड आहे. कपाटातून टाकीच्या काठापर्यंत साधारण चार फूट, शिवाय प्रत्येक एल्बोचं घर्षण. खोक्यावर ‘३००० एलपीएच, एच-मॅक्स ३ मीटर’ असं छापलेलं असेल, तर तासाला ३००० लिटर हा शून्य उंचीवरचा आकडा असतो, आणि ३ मीटरवर धार पूर्ण थांबते. चार फुटांवर हाती पडतं ते छापलेल्या आकड्यापेक्षा बरंच कमी. म्हणून कंपनीचा आलेख मागावा आणि आपल्या उंचीसमोरचा आकडा वाचावा. तासाला टाकीच्या तीन ते पाच पट पाणी सम्पमधून फिरलं तरी पुरतं. प्रवाळांना लागणारा सगळा प्रवाह याच पंपाकडून काढायचा हट्ट धरला, की वीज वाया जाते, आवाज वाढतो आणि काम होत नाही.

दुसरं काम टाकीच्या आतलं. ते वेव्हमेकरचं, आणि खरी निवड इथंच आहे.

जुन्या पद्धतीचा छोटा सबमर्सिबल पंप बारीक तोंडातून पिचकारीसारखी धार मारतो. ती समोरच्या प्रवाळावर पडली तर त्याचं मांस सोलून निघतं, आणि हातभर बाजूला पाणी उभंच राहतं. वेव्हमेकरमध्ये पंख्यासारखं पातं असतं. ते रुंद तोंडातून भरपूर पाणी सावकाश ढकलतं. यामागचं भौतिकशास्त्र सोपं आहे आणि खिशाला सुखाचं आहे. तेवढंच पाणी दुप्पट व्यासाच्या तोंडातून सोडलं तर त्याचा वेग चौथाईवर येतो, आणि लिटरमागे लागणारी गतिज ऊर्जा सोळाव्या हिश्शावर. म्हणून चार-पाच वॅटचा वेव्हमेकर तासाला हजारो लिटर पाणी हलवतो आणि वीजबिलात जाणवतही नाही. जर्मनीतल्या पेन्झबर्गच्या टुन्झे कंपनीने अशा पंपांची वाट पाडली. अमेरिकेच्या इकोटेकने मोटर काचेच्या बाहेर ठेवून आतलं पातं चुंबकाने फिरवण्याची सोय केली. मॅक्सस्पेक्टने आडव्या नळकांड्यासारखा गायर पंप आणला, जो पाण्याची रुंद चादर सोडतो. चिनी बनावटीचे कितीतरी स्वस्त वेव्हमेकरही बाजारात आहेत. नाव कोणतंही असो, वेग कमी-जास्त करता येतो का आणि पातं व धुरा सुटे मिळतात का, हे दोन प्रश्न आधी विचारावेत.

किती मोठा घ्यायचा? तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी म्हणजे पावणेसात घनफूट. घनफुटाला २८.३ लिटर धरले तर १९१ लिटर. खडक, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता १६० लिटर पाणी उरतं असं समजू. छंदातला ठोकताळा असा: मऊ प्रवाळांना तासाला टाकीच्या दहा ते वीस पट, मोठ्या तोंडाच्या कठीण प्रवाळांना वीस ते तीस पट, आणि बारीक तोंडांच्या, फांद्यांच्या कठीण प्रवाळांना चाळीस पट किंवा अधिक.

इथं कायदा मध्ये येतो, आणि तो यायलाच हवा. २००१ पासून सगळे कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. मुंबईच्या सागरी किनारा रस्त्यासाठी हाजीअली आणि वरळीच्या खडकांवरचे प्रवाळ २०२० साली रीतसर परवानगी घेऊन दुसरीकडे हलवावे लागले, ते त्यामुळेच. मालवणच्या सागरी अभयारण्यातले किंवा विजयदुर्गसमोर खोल समुद्रातल्या आंग्रिया बँकेवरचे प्रवाळ कुणाच्या दिवाणखान्यासाठी नाहीत. घरच्या टाकीचा विचार झोअँथस, मशरूम, झेनिया अशा मऊ जातींपुरताच ठेवावा, आणि त्याही कुठून आल्या याचे कागद दुकानदाराकडे मागावेत, शंका असल्यास वनखात्यात विचारावं. पंपाच्या हिशेबात याचा फायदाच आहे: चाळीस पटीची गरजच उरत नाही. आपल्या १६० लिटरला तासाला १६०० ते ३२०० लिटर पुरतात. ते एका दांडग्या पंपाने देण्यापेक्षा दीड-दीड हजारांच्या दोन लहान वेव्हमेकरांनी द्यावेत. समोरासमोरच्या काचांवर, थोडे तिरपे बसवून आलटून-पालटून कमी-जास्त जोराने चालवले, तर मालवणच्या पाण्याची ती ये-जा काही अंशी साधते. शिवाय एक बंद पडला तरी दुसरा टाकी तगवतो.

बसवल्यावर परीक्षा घ्यावी. माशांच्या खाण्याची चिमूट बोटांत चुरडून पाण्यात सोडावी आणि कण कुठे जातात ते पाहत बसावं. खडकामागे ते तळावर बसले तर तिथं उद्या घाण साचणार. वाळू उडून खड्डा पडत असेल तर पंप वर सरकवावा. प्रवाळाची तोंडं वाऱ्यातल्या ज्वारीसारखी डोलली पाहिजेत. ती एकाच बाजूला वाकून राहिली किंवा दिवसचे दिवस मिटलेली दिसली, तर धार थेट अंगावर येते आहे. खोक्यावरच्या आकड्यापेक्षा ही परीक्षा जास्त भरवशाची.

उष्णतेचा हिशेबही मांडायला हवा. पाण्यात बुडालेला पंप जेवढी वीज खातो, तिची अखेर उष्णताच होते. एकूण २० वॅटचे पंप चोवीस तास चालले तर जवळपास अर्धं युनिट. ती सगळी उष्णता पाण्यातच राहिली, तर १६० लिटर पाणी दिवसाला सुमारे अडीच अंशांनी तापेल. प्रत्यक्षात बरीचशी काचेतून आणि पृष्ठभागावरून निघून जाते, पण खोलीच ३६-३७ अंशांवर असेल तर जाणार कुठे? प्रवाळांना २४ ते २७ अंश मानवतात. म्हणून वॅटचा आकडा एलपीएचइतक्याच बारकाईने वाचावा. महिन्या-दोन महिन्यांनी पंप काढून पाण्यात मिसळलेल्या व्हिनेगरमध्ये भिजत ठेवावा. पात्यावर चुन्याचा थर बसला की तोच पंप कमी पाणी देतो आणि जास्त तापतो. खारं पाणी आणि वीज यांची गाठ पडू नये म्हणून वायरला प्लगच्या खाली झोका द्यावा, म्हणजे ओघळणारं पाणी तिथंच ठिबकेल, आणि सर्किटवर आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, बसवून घ्यावा.

शेवटचा मुद्दा लाइट जाण्याचा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, तेव्हा सांगलीत ठिकठिकाणी दिवसचे दिवस वीज नव्हती. एवढा महापूर रोज येत नाही, पण वळवाच्या पावसात चार-सहा तास वीज जाणं नवं नाही. गर्दीच्या टाकीत रात्री पाणी थांबलं, तर तेवढ्या वेळात मासे गुदमरतात. दिवे, गाळणी, सम्प काही काळ बंद राहिले तरी चालतं. पृष्ठभाग हलवणारा एक वेव्हमेकर मात्र चालू राहिला पाहिजे. म्हणून दोनपैकी निदान एक पंप बॅटरीवर चालणारा डीसी घ्यावा, आणि त्याची बॅटरी ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणून न टाळता पंपासोबत त्याच दिवशी घरी आणावी.